गोलुबात्सचा किल्ला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्बियातल्या गोलुबात्स किल्ल्याचे फोटो अधूनमधून सोशल मीडियावर फिरत असतात. खाली डॅन्यूबचं पाणी, मागे उभा कडा आणि त्या कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले बुरूज. फोटो पाहिल्यावर बहुतेकांना तेच ते प्रश्न पडतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. लढायांइतकीच जागा रस्ता, धरण आणि डागडुजी यांना दिली आहे, कारण गेल्या शंभर वर्षांत या किल्ल्याचं जे काही बिघडलं आणि सुधारलं ते याच तीन गोष्टींमुळे.

हा किल्ला नेमका कुठे आहे?

सर्बियाच्या ईशान्येला, डॅन्यूबच्या उजव्या काठावर. आजचं गोलुबात्स गाव किल्ल्यापासून चारेक किलोमीटर नदीच्या वरच्या अंगाला आहे. पलीकडचा काठ रोमेनियाचा. राजधानी बेलग्रेडहून इथलं अंतर सुमारे 130 किलोमीटर भरतं. किल्ल्यापासूनच जेर्दाप राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते.

एवढ्या अडचणीच्या जागी किल्ला का बांधला?

जागा अडचणीची आहे म्हणूनच. गोलुबात्सच्या आधी डॅन्यूब चांगली पसरलेली असते, काही ठिकाणी तिचं पात्र पाच-सहा किलोमीटर रुंद होतं. तिथून पुढे दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि नदी जेर्दापच्या घळीत शिरते. ‘आयर्न गेट’ किंवा ‘लोहद्वार’ या नावाने ओळखली जाणारी ही घळ सुमारे शंभर किलोमीटर लांब आहे. वरून येणारं किंवा खालून चढणारं कुठलंही जहाज या तोंडातूनच जाणार. ज्याच्या हाती गोलुबात्स, त्याच्या हाती नदीवरची जकात, धान्याची वाहतूक आणि सैन्याची ये-जा.

ही गोष्ट मध्ययुगातल्या राजांच्या आधी रोमनांनी हेरली होती. डॅन्यूब ही त्यांच्या साम्राज्याची सरहद्द, आणि तिच्या काठाने त्यांच्या चौक्यांची रांग होती. गोलुबात्सच्या परिसरात ‘कुप्पे’ नावाची त्यांची एक छावणी होती.

तो बांधला कोणी?

किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख 1335 सालचा आहे आणि त्या वेळी तिथे हंगेरियन शिबंदी होती. बांधणाऱ्याचं नाव सांगणारा शिलालेख नाही. मात्र वरच्या भागातल्या एका बुरुजात ऑर्थोडॉक्स पंथाचं छोटं प्रार्थनाघर आहे. हंगेरियन राजे कॅथलिक होते, त्यांनी बांधलेल्या बुरुजात मुळापासून ऑर्थोडॉक्स प्रार्थनाघर कशाला असेल? म्हणून किल्ल्याचा सर्वांत जुना भाग कुणा सर्ब सरदाराने उभा केला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला हा तर्क पटतो. दस्तऐवज लिहिणारे कारकून दूर राजधानीत असत, प्रार्थनाघर मात्र किल्ल्यावर राहणाऱ्यांनी स्वतःच्या गरजेने बांधलेलं असतं.

किल्ल्याची रचना कशी आहे?

एकूण दहा बुरूज आणि त्यांना जोडणारी तटबंदी. दोन ते तीन मीटर जाडीचे तट कड्याच्या अंगाने वर चढत जातात. साधारण तीन भाग मानले जातात: कड्यावरचा सर्वांत जुना वरचा किल्ला, आणि खाली नदीलगतचे पुढचा व मागचा असे दोन भाग. सगळ्यांत उंचावरच्या बुरुजाला सर्बियन लोक ‘टोपी-बुरूज’ म्हणतात. तो पायाशी अष्टकोनी, वर गोल आणि आतून चौकोनी आहे. खाली नदीच्या बाजूला राहता वाडा होता, त्याचीच एक भिंत तटाचं काम करते. प्रवेशद्वारापुढे खंदक होता आणि त्यात थेट डॅन्यूबचं पाणी खेळवलेलं होतं.

आपल्याकडच्या गडांवर फिरलेल्या माणसाला बालेकिल्ला कुठला हे इथे सांगावं लागत नाही. फरक आकाराचा आहे. राजगड किंवा तोरणा डोक्यात ठेवून गेलात तर गोलुबात्स लहान वाटेल. इथे माच्या नाहीत, विस्तीर्ण पठार नाही. सगळा किल्ला एका सुळक्याला बिलगून उभा आहे.

काही बुरूज चौकोनी, काही गोल, काही बहुकोनी असं का?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण याच्या उत्तरात किल्ल्याचं सगळं वय दिसतं. बांधले तेव्हा बहुतेक बुरूज चौकोनी होते. त्या काळची लढाई धनुष्यबाण, भाले आणि दगडफेकी यंत्रांची. पुढे तोफा आल्या. चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्यावर गोळा बसला की कोपरा ढासळतो, गोल किंवा बहुकोनी भिंतीवर तोच गोळा घसरून जाण्याची शक्यता जास्त असते. जुना बुरूज पाडून नवा बांधण्याइतका वेळ आणि पैसा हातात नसे. त्यामुळे खालच्या काही बुरुजांना बाहेरून दगडाचं नवं जाड कवच चढवलं गेलं.

किल्ल्यावर गेलात तर खालच्या बुरुजांच्या पायथ्याशी थांबून हे कवच नीट पाहा. आतली जुनी भिंत सरळ, बाहेरची नवी भिंत तिला वेढून फिरलेली. दोन्ही थरांतल्या दगडांची रचनाही वेगळी आहे. बहुतेक प्रवासी फोटोसाठी थेट वर धावतात आणि हे पाहायचं राहून जातं.

नदीतला बुटका अष्टकोनी बुरूज मात्र मुळातच तोफांसाठी बांधलेला आहे. तो उस्मानी तुर्कांनी उभारला. उंची कमी, भिंती जाड आणि पाण्याच्या पातळीजवळ तोफांची तोंडं. जहाजाला उंचावरून नेम धरून मारण्यापेक्षा पाण्याला समांतर मारा केव्हाही परिणामकारक. या बुरुजाच्या आडोशाला होड्यांचा धक्काही होता.

नदीत आडवी साखळी लावून जहाजं अडवत असत, हे खरं आहे का?

किल्ल्यासमोर पात्रात बाबाकाय नावाचा एकुलता एक खडक पाण्याबाहेर डोकावतो. किल्ल्यापासून त्या खडकापर्यंत साखळी ताणून जहाजं अडवत आणि जकात घेत, असं परंपरेने सांगितलं जातं. कॉन्स्टँटिनोपलच्या खाडीवर अशी साखळी होती, त्यामुळे ही पद्धत त्या काळाला अनोळखी नव्हती.

बाबाकायबद्दल एक दंतकथाही प्रसिद्ध आहे. एका तुर्क अधिकाऱ्याची तरुण पत्नी प्रियकराबरोबर पळाली, पकडली गेली आणि शिक्षा म्हणून तिला या खडकाला बांधून ठेवलं. कथेच्या काही रूपांत ती तिथेच मरते, काहींत प्रियकर येऊन तिला सोडवून नेतो.

1427 मध्ये किल्ला तुर्कांना कसा मिळाला? लढाई झाली होती का?

नाही, आणि हाच या किल्ल्याच्या इतिहासातला सर्वांत चटका लावणारा भाग आहे.

सर्बियाचा शासक स्तेफान लाझारेविच (‘देस्पोत’ ही त्याची पदवी) हा तुर्कांशी लढताना कोसोवोच्या रणात पडलेल्या सर्ब सत्ताधीश लाझारचा मुलगा. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याने मांडलिकीच्या बदल्यात त्याला बेलग्रेड आणि गोलुबात्ससारखी ठाणी दिली. स्तेफानला मूलबाळ नव्हतं. पुतणे-भाच्यांत गादीवरून तंटा नको म्हणून 1426 साली त्याने सिगिस्मुंडशी करार केला: आपल्यानंतर भाचा जुराज ब्रांकोविच याला वारस मानावं, आणि त्या बदल्यात बेलग्रेड व गोलुबात्स हंगेरीला परत जावेत.

जुलै 1427 मध्ये स्तेफान वारला. बेलग्रेड ठरल्याप्रमाणे हंगेरीकडे गेलं. गोलुबात्सचा किल्लेदार मात्र अडून बसला. त्याचं नाव येरेमिया. किल्ला सोडायचा तर 12,000 सोन्याची नाणी द्या, अशी त्याची मागणी होती. हंगेरियनांनी पैसे नाकारले. येरेमियाने किल्ला तुर्कांच्या ताब्यात दिला.

पैशाच्या वादातून घळीचं तोंड हातचं गेलं. त्यानंतर आसपासच्या सर्बियन आणि हंगेरियन मुलखावर धाडी घालायला तुर्कांना पक्कं ठाणं मिळालं. बेलग्रेड गेलेलं, गोलुबात्स गेलेला, म्हणून जुराज ब्रांकोविचला नवी राजधानी हवी होती. त्याने डॅन्यूबकाठीच सपाट जमिनीवर स्मेदेरेवोचा प्रचंड किल्ला घाईघाईने उभारायला घेतला. 1430 साली त्याचा आतला किल्ला पूर्ण झाला. स्मेदेरेवो का आणि कधी बांधलं गेलं हे समजून घ्यायचं, तर सुरुवात गोलुबात्सपासूनच करावी लागते.

1428 चा वेढा एवढा प्रसिद्ध का?

सिगिस्मुंड गप्प बसला नाही. त्याने आधी समोरच्या काठावर, आजच्या रोमेनियातल्या कोरोनिनी गावाजवळ, लास्लोवार नावाचा किल्ला बांधून घेतला. मग 1428 च्या वसंतात नदीतून आणि जमिनीवरून गोलुबात्सवर हल्ला चढवला. त्याच्या सैन्यात हंगेरियन होतेच, शिवाय वलाकियाचे (आजच्या रोमेनियाचा दक्षिण भाग) तिरंदाज, लिथुआनियाचे तिरंदाज आणि पोलिश सरदार होते. तोफांचा मारा झाला, युद्धनौका उतरल्या.

नौकांच्या संदर्भात सेसिलिया रोझगोनी हे नाव येतं. ती सिगिस्मुंडचा सेनानी इश्तवान रोझगोनी याची पत्नी. तिने या वेढ्यात एका युद्धनौकेचं नेतृत्व केल्याचं सांगितलं जातं आणि हंगेरीत ती आजही शूर स्त्री म्हणून आठवली जाते.

किल्ला पडण्याआधीच सुलतान दुसरा मुराद मोठी कुमक पाठवून मोकळा झाला. दोन आघाड्यांत सापडण्याऐवजी सिगिस्मुंडने तह केला आणि सैन्य नदीपार न्यायला सुरुवात केली. निम्मं सैन्य पलीकडे, निम्मं अलीकडे अशा अवस्थेत तुर्कांनी तह मोडून मागे राहिलेल्यांवर झडप घातली. राजा कसाबसा वाचला.

पोलंडचे लोक इथे श्रद्धेने का येतात?

झाविशा चार्नी या सरदारासाठी. काळं चिलखत घालणारा हा योद्धा 1410 मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत ट्युटॉनिक सरदारांविरुद्ध (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेविरुद्ध) लढला होता. पुढे राजदूत म्हणूनही त्याने नाव कमावलं. शब्दाला जागणारा माणूस म्हणून त्याची ख्याती अशी, की ‘झाविशावर टाकावा तसा भरवसा’ ही म्हण पोलिश भाषेत अजून जिवंत आहे.

गोलुबात्सहून माघार घेताना तो पिछाडी सांभाळत होता. त्याला नेण्यासाठी राजाने होडी पाठवली तरी सोबत्यांना सोडून जायला त्याने नकार दिला, अशी कथा आहे. त्याच्या मृत्यूबद्दल दोन प्रकारे सांगितलं जातं. काहींच्या मते तो लढताना पडला, काहींच्या मते पकडला गेल्यावर त्याचा शिरच्छेद झाला. साल मात्र निर्विवाद आहे, 1428. किल्ल्यात त्याच्या स्मरणार्थ फलक लावलेला आहे आणि तो सर्बियन लोकांच्या वतीने लावलेला आहे. परक्या भूमीतून आलेल्या वीराची आठवण स्थानिकांनी जपावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यानंतर किल्ला कोणाकडे राहिला?

तुर्क आणि हंगेरी यांच्यातल्या 1444 च्या सेगेद तहाने तो जुराज ब्रांकोविचला परत मिळाला. पण 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि सर्बियाचे दिवस भरत आले. 1458 मध्ये तुर्कांनी गोलुबात्स पुन्हा घेतला. पुढच्याच वर्षी स्मेदेरेवोही गेलं आणि मध्ययुगीन सर्बियन राज्य संपलं.

त्यानंतर ऑस्ट्रियाचे हाब्सबर्ग अधूनमधून येऊन गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पहिल्या सर्बियन उठावात बंडखोरांनी काही वर्षं किल्ला धरला. तो काळ सोडला तर इथे तुर्कांचाच अंमल होता. 1867 मध्ये उस्मानी शिबंद्या सर्बियातल्या उरलेल्या ठाण्यांतून कायमच्या निघून गेल्या.

मग 1867 नंतर?

किल्ला बेवारस झाला. सरहद्द हलली होती, जकात घ्यायला कोणी नव्हतं. तटावर झुडपं माजली, मुळं सांध्यांत शिरली, छपरं आणि लाकडी मजले कुजून पडले. लाकूड गेलं की बुरूज म्हणजे वरून उघडी विहीर होते, पावसाचं पाणी आत साचतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि चुना सुटत जातो. तोफांना दाद न दिलेल्या भिंती अशा हळूहळू पोखरल्या गेल्या.

गाड्या खरंच किल्ल्याच्या आतून जायच्या?

हो. जुने फोटो पाहिले तर विश्वास बसत नाही, पण नदीकाठचा मुख्य रस्ता एका दारातून आत शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडायचा. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी, त्यामुळे रस्त्याला दुसरी वाट नव्हती. घोडागाड्यांच्या काळात ते खपून गेलं. पुढे ट्रक आणि बस आल्या. कमानी मध्ययुगीन मापाच्या होत्या, त्यामुळे मोठी वाहनं कशीबशी घासत जात. रोजचे हादरे, धूर आणि टवके असं कित्येक दशकं चाललं.

यात कोणी खलनायक नाही, म्हणूनच हे नुकसान जास्त त्रास देतं. घळीतल्या गावांना रस्ता हवाच होता. किल्ला नुसता वाटेत होता. पण रस्ता आतून जातोय तोवर कितीही चुना भरला तरी उपयोग नव्हता. प्रवासी गाडीतून उतरायचे नाहीत, उतरले तर ट्रक चुकवत फोटो काढायचे, आणि वरचे भाग धोकादायक म्हणून तिथे जाता येत नसे.

धरणाने किल्ल्याचं काय केलं?

युगोस्लाव्हिया (सर्बिया तेव्हा त्याचा भाग होता) आणि रोमेनिया यांनी मिळून बांधलेलं लोहद्वार धरण 1972 मध्ये पूर्ण झालं. धरणाची भिंत गोलुबात्सपासून खाली सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, तरी फुगवटा इथपर्यंत पोचला. नदीची पातळी चढली आणि किल्ल्याचा खालचा पट्टा पाण्यात गेला. तोफांचा बुरूज तेव्हापासून काठावर नसून पाण्यात उभा आहे. पायात सतत ओल, लाटांचा मारा आणि हिवाळ्यात बर्फ.

या धरणात बुडालेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. अदा कालेह नावाचं तुर्क वस्तीचं बेट अख्खं पाण्याखाली गेलं, जुनं ओर्शोवा शहर गेलं. सम्राट ट्राजनच्या रोमन रस्त्याची आठवण सांगणारा कोरीव शिलालेख कड्यातून कापून वर नेऊन बसवावा लागला. लेपेन्स्की वीर इथली हजारो वर्षं जुनी वस्ती 1965 नंतर उत्खननात उजेडात आली आणि पाणी चढण्याआधी उंचावर हलवण्यात आली. त्या मानाने गोलुबात्स सुदैवी, तो जागच्या जागी राहिला. वीज सगळ्यांनाच हवी होती, हे खरं. तरी अदा कालेहचे जुने फोटो पाहताना जीव तुटतो.

दुरुस्तीचं मोठं काम कधी झालं आणि त्यात नेमकं काय केलं?

1979 मध्ये किल्ल्याला अपवादात्मक महत्त्वाच्या सांस्कृतिक वास्तूचा दर्जा मिळाला. प्रत्यक्ष मोठं काम युरोपीय संघाच्या मदतीने 2014 मध्ये सुरू झालं, आणि 2019 च्या वसंतात किल्ला लोकांसाठी खुला झाला.

कामाचा क्रम मला विशेष आवडतो. आधी रस्ता हलवला. कड्याच्या पोटातून सुमारे दीडशे मीटरचा बोगदा काढला आणि वाहतूक किल्ल्याच्या मागून वळवली. हे झाल्यावरच तटांच्या कामाला खरा अर्थ आला. मग झाडोरा काढणं, सुटलेले दगड बसवणं, बुरुजांची आतून-बाहेरून डागडुजी, मजले आणि जिने, प्रवेशद्वाराचा खंदक पुन्हा पाण्याने भरणं, वाड्याची दुरुस्ती करून तिथे प्रदर्शनाची सोय, आणि बाहेर वाहनतळ व माहिती केंद्र.

जिथून रस्ता जायचा तिथून आता माणसं चालतात. संपूर्ण जीर्णोद्धारातलं सर्वांत चांगलं काम कुठलं असं कोणी विचारलं तर मी बोगद्याचं नाव घेईन. तो किल्ल्याच्या एकाही फोटोत दिसत नाही.

आता किल्ला फारच नवा दिसतो. इतकी दुरुस्ती योग्य आहे का?

आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले की ही शंका येतेच. तुटक्या माथ्यांच्या जागी सरळ कडा, उघड्या बुरुजांच्या जागी बंदिस्त माथे.

माझं मत असं. बुरुजावर छप्पर घालणं ही सजावट नव्हे. पाणी आत जाणं थांबवायचा दुसरा टिकाऊ उपाय नाही, आणि मूळ बुरुजांनाही आच्छादन होतंच. मजले आणि जिन्यांमुळे माणसं वर जाऊ शकतात, आणि वर जाणारी माणसं असली की देखभालीला पैसा आणि लक्ष दोन्ही मिळतं. इथवर मी दुरुस्तीच्या बाजूने आहे. पण भिंतीचा माथा किती उंच होता याचा पुरावा नसताना तो अंदाजाने पूर्ण करणं मला पटत नाही. ढासळलेली कडा हीसुद्धा किल्ल्याची हकिकतच असते. कुठल्याही किल्ल्याच्या दुरुस्तीत जुनी भिंत कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते, हे साध्या डोळ्यांना कळायलाच हवं. गोलुबात्सला तुम्ही जाल तेव्हा ती रेघ शोधा. काही ठिकाणी ती सहज सापडते, काही ठिकाणी फार निरखून पाहावं लागतं.

आपल्या किल्ल्यांशी याचा काही संबंध आहे का?

ऐतिहासिक संबंध काही नाही. येरेमियाची गद्दारी आणि आपल्या बखरींतले फितुरीचे प्रसंग जोडून लिहिलेल्या पोस्ट मी वाचल्या आहेत, पण ती ओढाताण आहे.

प्रश्न मात्र सारखे आहेत. 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या नावाखाली बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातला जिंजी तमिळनाडूत आणि बाकीचे अकरा महाराष्ट्रात. गडावर सिमेंट वापरायचं की चुना, पडलेला बुरूज उभा करायचा की आहे तसा सावरायचा, वाहनं कुठवर येऊ द्यायची, हे वाद आपल्याकडे रोज चालतात. ज्यांना या वादात काही म्हणायचं आहे, त्यांनी गोलुबात्सच्या बोगद्याचा निर्णय जरूर अभ्यासावा.

गोलुबात्स युनेस्कोच्या यादीत आहे का?

किल्ला स्वतः जागतिक वारसा यादीत नाही. त्याच्या आजूबाजूचा जेर्दाप परिसर 2020 मध्ये युनेस्कोचं जागतिक भूउद्यान (जिओपार्क) म्हणून घोषित झाला.

गोलुबात्सची माशी हा काय प्रकार आहे?

किल्ल्याच्या नावाने ओळखली जाणारी एक रक्तपिपासू बारीक माशी. वसंतात तिचे थवेच्या थवे घळीतून उठत आणि गुराढोरांच्या नाका-डोळ्यांत शिरत. 1923 मध्ये रोमेनियात या माशीमुळे सोळा हजारांहून अधिक पाळीव जनावरं दगावली. सेंट जॉर्जने ड्रॅगन मारला, त्याचं मुंडकं इथल्या गुहेत पडलं आणि त्यातून या माश्या निघाल्या, अशी लोककथा होती. गुहेची तोंडं बुजवायचे प्रयत्नही लोकांनी केले.

माशीची पैदास खरी होती ती वेगाने वाहणाऱ्या पाण्यात. धरणाने पाणी संथ झालं आणि माशीचा उपद्रव ओसरला. ज्या धरणाने किल्ल्याचा पाया ओला केला, त्यानेच शेतकऱ्यांची गुरं वाचवली. धरणाबद्दल बोलताना ही बाजूही सांगितली पाहिजे.

सगळ्या बुरुजांवर जाता येतं का?

किल्ल्याचे अवघडपणानुसार रंगांचे टप्पे केले आहेत: हिरवा, निळा, लाल आणि काळा. हिरवा म्हणजे खालचा सपाट भाग, आजी-आजोबा आणि लहान मुलंही सहज फिरतील. निळ्यात जिने आणि तट येतात. लाल आणि काळा हे कड्यावरचे टप्पे, तिथे चांगले बूट आणि उंचीची सवय लागते. वर जाण्याचे नियम कडक आहेत आणि हवामान बिघडलं की वरचे भाग बंद ठेवतात. सह्याद्रीत कातळटप्पे चढलेल्यांनाही तिथे ‘आम्हाला सवय आहे’ म्हणून सूट मिळणार नाही, आणि मिळूही नये.

तिकीट टप्प्यानुसार वेगळं असतं. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी किल्ल्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.

भारतातून जायचं तर व्हिसा लागतो का?

लागतो. पूर्वी भारतीयांना तीस दिवस व्हिसाशिवाय राहता येत असे, ती सवलत 1 जानेवारी 2023 पासून बंद झाली. शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्यांना वेगळा नियम लागू होतो. जर्मनी, नेदरलँड्स किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना त्यामुळे हा प्रवास सोपा पडतो. नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाकडे खात्री करा.

बेलग्रेडहून एका दिवसात होईल का?

गाडी असेल तर आरामात. वाटेत कोस्तोलात्सजवळ विमिनासियम हे मोठं रोमन शहर उत्खननात सापडलं आहे, तिथे तास-दोन तास काढता येतात. परतताना स्मेदेरेवो पाहिलंत तर एकाच दिवसात कड्यावरचा आणि सपाटीवरचा असे दोन्ही किल्ले होतील. पण लेपेन्स्की वीरही करायचं असेल तर गोलुबात्स गावात किंवा आसपास मुक्काम करा, घाई होणार नाही.

सायकलवाल्यांसाठी आणखी एक सोय: अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोव्हेलो 6 हा सायकल मार्ग इथूनच जातो.

चांगला फोटो कुठून मिळेल?

गावाच्या बाजूने येताना किल्ला पहिल्यांदा पूर्ण दिसतो, बहुतेक प्रसिद्ध फोटो तिथलेच आहेत. नदीतून बोटीने गेलात तर दहाही बुरुजांची चढण एका नजरेत येते आणि तोफांचा बुरूज पाण्यात किती आहे तेही कळतं. तिसरी जागा रोमेनियाच्या काठावर, कोरोनिनीजवळ. तिथे सिगिस्मुंडच्या लास्लोवारचे अवशेष आहेत. 1428 मध्ये तोफा लावणाऱ्यांना समोर काय दिसत होतं, हे तिथूनच समजतं. मात्र नदी ओलांडायला जवळपास पूल नाही आणि रोमेनियात शिरायला शेंगेन व्हिसा लागतो. तेव्हा हा कोन प्रवासाच्या आखणीतच धरून ठेवा.